काच खाली

सुआमेतल्या आमच्या शेडला दार नाही.
चार खांब, वर पत्रा,
आणि रस्त्याच्या बाजूला तेलाने काळी पडलेली ताडपत्री.
ती आपल्यासाठी नाही, उस्ताद बोआहेन म्हणायचे.
ती समोर केंकी विकणाऱ्या बाईसाठी,
शाळेतून परतणाऱ्या पोरांसाठी.
त्यांनी हा उजेड मागितलेला नाही.

पहिले तीन महिने हातात होल्डर आलाच नाही.
झाडू आला.
चिंध्या, भुसा, रंगाचे डबे, सगळं लांब.
वाळूची बादली मात्र हाताशी,
आणि तिच्यात कुणी सिगारेट विझवली
की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

पँट बुटात खोचू नकोस, अफ्रिये,
बुटावरून सोड.
ठिणगी बिऱ्हाड शोधत फिरते,
तिला खोली दाखवू नकोस.
खिशात लायटर आहे? मग आज घरी जा.

जस्ताचा पाइप आला की आधी घासायचा,
वारा पाठीकडून घ्यायचा नाही, तोंडाकडूनही नाही,
कुशीवरून घ्यायचा, धूर बाजूने निघून जाऊ दे.
शेजारची पोरं धुरावर उतारा म्हणून दूध प्यायची
आणि रात्री पांघरुणाखाली कुडकुडायची.
दूध चहात घाल, ते म्हणाले,
छातीत गेलेलं जस्त दुधाला ओळखत नाही.

मी एकदा चुकले.
एवढासा टाका, त्याला कसली काच,
म्हणून नुसते डोळे मिटले.
मिटल्या पापणीतूनही तो आत आला.
रात्री दोनला कुणीतरी बुबुळांवर वाळू दळू लागलं.
सकाळी आईने मला हाताला धरून आणलं.
रागावतील वाटलं होतं.
त्यांनी ओलं फडकं दिलं,
आणि पहिल्यांदाच स्वतःच्या डाव्या डोळ्याबद्दल बोलले.

काम चालू असताना नाही गेला तो.
काम झाल्यावर गेला.
काच वर केली, बिडी तोंडात धरली,
आणि सांध्यावरची खपली हातोडीने ठोकली.
तापलेली खपली. नखाएवढी.
बस, तेवढंच सांगितलं.

मग तो टाकीवाला.
उस्ताद अंत्ययात्रेला गेलेले, मी एकटी.
ट्रोट्रोची पेट्रोलची टाकी, तळाला चीर.
रिकामी आहे, म्हणाला, थेंबही नाही.
मी म्हटलं, थेंब नाही म्हणूनच.
धुवावी लागेल, वाफवावी लागेल,
गळ्यापर्यंत पाणी भरून मगच.
उद्या ये.
तो हसला. बाईमाणूस, घाबरली.
पलीकडच्या शेडमध्ये गेला.
मी ताडपत्रीमागे उभी राहिले,
कानांवर हात ठेवून.

काही झालं नाही.
अर्ध्या तासात तो टाकी खांद्यावर घेऊन समोरून गेला,
मुद्दाम सावकाश, मुद्दाम शीळ घालत.

संध्याकाळी उस्तादांना सांगितलं.
काळ्या कपड्यातच ते बाकावर बसले होते,
जोडे काढून, पाय चोळत.
कुणाची यात्रा होती, मी विचारलं.
टाकीवाल्याची नाही, वेल्डरची, ते म्हणाले.
त्याच्याही नऊ टाक्यांना काही झालं नव्हतं.

यंदा हरमाटानच्या धुळीत माझी दीक्षा संपली.
प्रथेप्रमाणे सगळे डबे घेऊन जमले,
डोक्यावर पांढरी पावडर ओतायला.
आई, बहिणी, केंकीवाली, पलीकडच्या शेडचेसुद्धा.
डबा वर गेला
आणि मी ओरडले, डोळे!
रोज ओरडते तशीच, ठिणगी पडायच्या आधी.

सगळे खो खो हसले.
पण हसण्याआधी
सगळ्यांनी मान वळवली होती.
पोरांनीसुद्धा.
उस्तादांनी तर दोन्ही डोळे मिटले होते,
गेलेलासुद्धा.