ओंबीवरचा उंदीर

मी दाझोस. मेतापोंतच्या टाकसाळीत
हातोडा ओढतो. हातोडाही नगराचा.
खालच्या ठशात देमेतर देवीचं तोंड,
वरच्यात जवाची ओंबी,
मधे तापलेली चांदीची चकती.
ती ठेवतो एक पोरगा, चिमट्याने, बोटं वाचवत,
आणि मी घाव घालतो.
एकच.
दुसरा बसला तर देवीला दोन नाकं येतात.

ठसे कोरायचा फिलिस्तिओन.
नाक टेकेल इतका वाकून, उलटं कोरायचा सगळं :
पान उजवीकडे हवं तर डावीकडे,
उंच हवं तर खोल.
चाळीस वर्षांत स्वभावच तसा झाला त्याचा,
बायको चिडली की गाणं म्हणायचा,
कुणी वाखाणलं की उठून जायचा.
एकदा मला म्हणाला, "मी नुसते खड्डे करतो, दाझोस.
उंचवटा तुझ्या हातोड्याने येतो."
विकत आणलेल्या माणसाशी
असं बोलायची रीत नव्हती.
मी ऐरण पुसत राहिलो.

मग ते वर्ष आलं. ढग समुद्रावरूनच माघारी गेले.
शेतात कुसळं राहिली,
आणि नगराने हुकूम काढला, नाणी वाढवा.
दिवसाला सहाशे ओंब्या पिकवल्या आम्ही,
टपोऱ्या दाण्यांच्या,
तांबेरा नाही, कीड नाही,
आणि शिजत नाहीत.
धक्क्यावर धान्याचं गलबत लागलं तेव्हा
अशा एका ओंबीला मिळायचं
दोन पायली जव.
महिन्याभराने एक.
पुढे पुढे व्यापारी नाण्याकडे न बघता
घेणाऱ्याच्या गालफडांकडे बघून भाव सांगायचा.

त्याच दिवसांत फिलिस्तिओनने नव्या ठशात
पानावर उंदीर बसवला.
तिळापेक्षा थोडा मोठा.
शेपूट खाली सोडलेली, पुढचे दोन पाय दाण्यांकडे.
क्लेओम्ब्रोतोस अधिकारी लगेच आले.
"ओंबी देवीची आहे. हा चोर इथे कशाला?"
"उंदीर नसेल तर," फिलिस्तिओन म्हणाला,
"धान्य खरं आहे हे लोकांनी ओळखायचं कसं?"
क्लेओम्ब्रोतोस बराच वेळ गप्प होते.
त्यांच्याही घरी पेजच होती, पातळ.
मग कारकुनाला म्हणाले,
"लिही. ठशाची खूण : उंदीर."

धक्क्यावरची पोरं नाणं उन्हात धरायची :
"ह्याला तरी मिळालं बघ!"

हजारेक घावांनंतर ठशाला तडा गेला,
उंदराच्या पाठीपासून देठापर्यंत.
ठशातली भेग नाण्यावर रेघ होऊन वर येते.
कुणी म्हणालं, सापळ्याची दोरी.
कुणी म्हणालं, छे, बिळाची वाट,
आणि एक म्हातारी तर शपथेवर सांगायची
की ही नदी आहे, पुढच्या साली भरणारी.
फिलिस्तिओनला विचारलं.
"लोखंड दमलं," तो म्हणाला.

हिवाळ्यात तोही.
निकारेते, त्याची बायको, हिने डब्यातून
एकच नाणं काढलं, पलीकडच्या नावेचं भाडं.
तडा असलेलं.
"तोंडात कुठली बाजू वर ठेवायची?" तिने मला विचारलं,
जणू मला ठाऊक असणारच.
सहाशे रोज पाडतो मी.
कुठली वर ते चकती ठरवत नाही, मीही नाही.
"ओंबी खाली," मी म्हणालो, "जिभेला लागू दे."
तिने जबडा धरला. नाणं थंडगार होतं,
तरी मी आजूबाजूला चिमटा शोधत होतो.

परवा तारासहून नवा कोरणारा आला.
हात चांगला आहे त्याचा. कुसळं केसासारखी बारीक,
पान रिकामं.
पोरग्याने चकती ठेवली.
मी घाव घातला.
मग आणखी एक घातला.

पोरगा हसायला लागला.
दोन नाकांची देवी
परत भट्टीत गेली.