मध्यंतरानंतर

एकतीस मार्चला टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त झाले
आणि एक एप्रिलला जाहीर केलं:
रोज एक सिनेमा. वर्षभर.
मंदार म्हणाला, एप्रिल फूल ना, आत्या?
मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत आकडे घातले
एक ते तीनशे पासष्ट,
आणि वर नियम लिहिला एकच:
मध्ये उठायचं नाही.

कुकरला हे सांगून ठेवलं आहे.

लश्करात असताना आम्ही सिनेमे पाहिले ते अर्धेच.
तीनचा खेळ, आईचं एक तिकीट, मी मांडीवर.
पाचला गिरणी सुटायची बिर्लानगरला,
पावणेसहाला अण्णांची सायकल दौलतगंजच्या वळणावर,
आणि अण्णांच्या मते सिनेमा बघणं
म्हणजे नोट पेटवून तिच्या उजेडात बसणं.
म्हणून मध्यंतराचे दिवे लागले की आई उठायची,
माझं मनगट तिच्या मुठीत,
माझ्या दाढेखाली शेंगदाणा अर्धवट.

बाहेर सायकल-स्टँडपाशी तो उभा असायचा.
असेल दहाएक वर्षांचा, सदऱ्याला तिसरं बटण नाही.
आई त्याला उरलेलं तिकीट विकायची, चार आण्यांना.
दारावरचा भगवानदास तेवढा वेळ
छताकडे बघत राहायचा.

मग वाटेत आई पुढची गोष्ट सांगायची.
सराफ्यापर्यंत भांडण,
मारुतीपाशी गैरसमज दूर,
आणि रस्ताच लहान म्हणून
खलनायकाला घाईघाईत माफी.
कुणी मरायचं नाही. मरायला वेळ कुठे होता,
घरी चहाचं आधण ठेवायचं होतं.

बारावा दिवस. जुना, काळा-पांढरा.
तो वकील, तो जिना, ती शिट्टी वाजवणारी मोलकरीण:
ओळखलं मी. याचा पहिला अर्धा
मांडीवर बसून पाहिला होता.
वकील शेवटी नदीत जातो.
आईने त्याला मुरैन्यात वाण्याचं दुकान काढून दिलं होतं,
दोन मुली, एक म्हैस.
मला रडू नाही आलं. रागच आला,
कुणावर ते वहीत लिहिलेलं नाही.

एकोणतिसावा: ताप एकशे दोन, तरी पाहिला. आठवत नाही.
त्रेसष्टावा: वीज गेली, आली रात्री पावणेदोनला,
तोवर अंधारात खुर्चीतच बसून राहिले
कारण नियम म्हणजे नियम.
शेजारच्या कुशवाह वहिनींनी टॉर्च मारून विचारलं,
दीदी, सब ठीक है ना?
अठ्ठ्याऐंशीवा मॉलमध्ये. सगळे मिळून चार जण.
मध्यंतर झालंच नाही. परदेशी होता.
तरी दीड तास झाल्यावर
माझं डावं मनगट आपसूक वर आलं.

शेवट बहुतेक वाईटच असतात, हे आता मी सांगू शकते.
पाऊस लावतात, नाहीतर पोलीस.

काल, एकशे चौदाव्याला, तो मुलगा आठवला.
असेल कुठेतरी, हजिऱ्याला, सत्तरीचा,
जन्मभर नुसते उत्तरार्ध पाहिलेला.
कोण कुणाचा भाऊ, ती आधीपासूनच का रडते आहे,
हे लग्न ठरलं कधी,
काहीच माहीत नसलेला.

नाही, चूक.
एकदा त्याने विचारलं होतं,
अम्मा, अब तक का हुआ?
आणि आई थांबली होती, एवढ्या घाईत,
तिकीट त्याच्या हातात, चार आणे तिच्या,
तिच्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं होतं,
नावांसकट, काही न गाळता, काही न घालता.
मी पाय बदलत उभी.
नंतर तो दर वेळी विचारायचा.
ती दर वेळी थांबायची.

म्हणजे त्याला खरं सांगत होती.
मला सांगितलं ते सगळं बनवलेलं.

वहीत एकशे पंधरा हा आकडा तयार आहे.
कुकरची तिसरी शिट्टी झाली.
पडद्यावर कुणीतरी दार उघडायला निघालं आहे.