आधीच्या मालकाची खोली

अकरा किलो भरला.
सहकारनगरातून धायरीपर्यंत स्कूटरवर,
दोन पायांच्या मध्ये, जुन्या चादरीत.
नऱ्ह्याच्या प्रत्येक गतिरोधकावर
मी त्याला सॉरी म्हणत आलो.

टिळेकरबाई म्हणाल्या, सासऱ्यांचा होता.
एकच हात लागलाय. मॅन्युअल काही सापडत नाही.
रिमोटला मात्र प्लॅस्टिकची पिशवी होती, रबरबँड लावलेली,
आवाजाच्या बटणापाशी
झिजून पांढरी पडलेली.

पहिल्या रात्री वायरी जोडल्या.
तांब्याचा केसाएवढा तंतू
शेजारच्या स्क्रूला टेकला असणार :
टक्. अंधार.
पुन्हा टक्. पुन्हा अंधार.
वृंदा म्हणाली, नऊ हजारांचं बटण आणलंस.
तंतू पिळून आत घातला, मग कुठे
निळी अक्षरं वर आली.

सेटिंगमध्ये शिरलो तर
आत एक अख्खी खोली.
आमची नाही.
पुढचा डावा चार पूर्णांक एक मीटर,
पुढचा उजवा तेवढाच,
मागचे दोघे दोन-दोन मीटरवर,
आणि मधला, ज्यातून माणसं बोलतात तो,
अधिक दहावर नेऊन ठेवलेला.
दहाच्या पुढे यंत्रात आकडा नाही.

आमच्या हॉलची रुंदीच तीन मीटर,
त्यात शू-रॅक.

मोजमापाचा माईक पाकिटातच होता,
वायरीला कंपनीची घडी तशीच.
म्हणजे त्यांनी टेपने मोजलं.
म्हणजे चार पूर्णांक एक मीटरवर
टेपचं दुसरं टोक
कुणीतरी धरून उभं होतं.

त्या खोलीत आम्ही तीन आठवडे राहिलो.
कुजबुज कानाशी ओरडायची,
लढाया लांब कुठेतरी, हडपसरला वगैरे.
खालचे बोरकर एकदा वर आले,
चप्पल न काढता दारातच म्हणाले,
तुमची मालिका आम्हालाही कळते आता,
फक्त दिसत नाही.

तेव्हा ठरवलं, आपली खोली मोजू.
कानाच्या उंचीवर माईक हवा :
पिठाचा डबा, त्यावर साखरेचा,
त्यावर ओजसची भूगोलाची वही.
शांतता राखा, म्हणालं यंत्र.
टँकरची मोटर सुरू झाली.
आवाज जास्त आहे, म्हणालं यंत्र.
भंगारवाल्याची टेप. बोरकरांचा कुकर.
आवाज जास्त आहे.
रविवारी दुपारी झोपणारं पुणे
धायरीपर्यंत पोचलेलं नाही.

शेवटी रात्री सव्वादोन.
पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद,
ओजसला उठवलं कारण उठवलं नसतं तर रुसला असता.
बटण दाबणार, तेवढ्यात वृंदा म्हणाली,
जुनं पुसलं जाईल?
जाईल.
मग लिहून घे.
वीजबिलाच्या मागे लिहिलं, सगळे आकडे,
का ते दोघांनीही विचारलं नाही.

मग चार मिनिटं.
स्वयंपाकघराच्या फरशीवर तिघं, भिंतीला टेकून,
तोंडावर हात.
डाव्या कोपऱ्यातून एक लांब शीळ,
मग उजव्या, मग पाठीमागून,
जणू कुणी अंधारात एकेक भिंत चाचपत होतं
आणि भिंत ओ देत होती.
वृंदाचा गुडघा वाजला.
ओजसने उचकी गिळली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
या घरात इतका वेळ
कुणीच काही न बोलता, आणि न रागावता,
मला आठवत नाही.

झालं, म्हणालं यंत्र.
आमची खोली दोन पूर्णांक तीन मीटर निघाली.
मधला उणे एक.

आता दिवाळी उलटून गेली.
परवा ओजस म्हणाला, बाबा, कोण वाढवतंय सारखं?
मी म्हटलं, आई असेल.
आई म्हणाली, मी रिमोटला हातही लावत नाही.

काल बातम्या ऐकताना खाली पाहिलं.
पिशवीवरच्या त्या पांढऱ्या डागावर
माझा अंगठा बरोबर मावतो.

मधला सध्या अधिक तीनवर आहे.
अजून सात आहेत.