पाऊण अंश आणि वर थोडं

सान फेलिपेच्या मागे, मिठागराच्या वाटेवर
आमची गाडी फेंगडी उभी असते.
पुढून बरी दिसते. मागून बघा:
ओझं उतरवल्यावरही गाढवानं
एक पाय बाहेर टाकून ठेवावा
तसं डावं मागचं चाक.

सांगाडा कोळंबीच्या बंद पडलेल्या शेडचे पाइप,
इंजिन एका म्हाताऱ्या वोचोचं,
सीट कुठल्याशा बसची.
वेल्डिंग एवेलिओचं, माझ्या भावाचं.
त्याचे टाके जाड, पण सुटत नाहीत.
आता तो मेक्सिकालीत रात्रपाळी करतो
आणि फोनवरून गाडी दुरुस्त करतो.
"प्लेटला लांबट खाच आहे, नट सैल कर, सरकव."
सरकवलं. खाच संपली.
चाक अजून सात मिलिमीटर बाहेर बघतंय,
टायर आतल्या कडेनं झिजून गुळगुळीत,
आणि वाळूच्या सपाटीवर सत्तरच्या पुढे गेलं
की गाडीचा मागचा भाग
वेगळ्याच गावाला निघतो.

दोन वेल्डर येऊन गेले.
एक म्हणाला, हात वाकलाय, कापू.
दुसरा म्हणाला, सांगाडाच तिरका, कापू.
कापायला सगळेच तयार.

मग क्रिसांतो आला, बोटींची इंजिनं उघडणारा म्हातारा.
बरोबर गळाची नायलॉन दोरी, चार विटा,
ओळंब्याला जाळ्याचं शिसं.
"जॅकवर मोजलंस?"
हो म्हटलं.
"हवेत लटकवलेल्या माणसाची चाल
बघतं का कुणी?"

गाडी खाली घेतली. दहा पावलं पुढे, दहा मागे ढकलली,
टायरांनी आपापली जागा धरावी म्हणून.
"आता बस."
बसले. साताचे सहा झाले.
तो बराच वेळ चाकापाशी उकिडवा.
मग विचारलं, एवेलिओ किती किलो?
एकशे बारा.
आणि तू?
छप्पन्न. जेवल्यावर.

भट्टीवाल्या ओनेसिमोला हाक मारली.
तो पिठाच्या हातांनी येऊन
तिकीट काढल्यासारखा सीटवर बसला.
गाडीची मागची बाजू हुंकार देऊन खाली गेली
आणि चाक सरळ झालं.
पुढे, मागे, दोरीपासून अगदी सारखं.

कुणी काही बोललं नाही.
ओनेसिमोनं विचारलं, उतरू का?

क्रिसांतो म्हणाला, सीटमागे मिठाची पोती टाक, भागेल.
मी म्हटलं, भावाच्या वजनाचं मीठ घेऊन
मी कुठेही जाणार नाही.

टॉर्शन बारच्या आतल्या टोकाला चाळीस दाते,
बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस.
आत एक दाता पुढे, बाहेर एक मागे,
उरतो पाऊण अंश आणि वर थोडं.
हे चारच दात्यांचं अंतर
कुणी मुद्दाम ठेवलं असेल, तर त्याला
माझ्या वजनाचं कुणीतरी ठाऊक असणार.
प्लेट ओठावरून सुटते तेव्हा
घोड्यासारखी लाथ घालते;
बोटं त्याआधीच घरी गेलेली बरी.

पहिल्या दिवशी एकच दाता. कमी पडलं.
दुसऱ्या दिवशी तीन.
गाडी खाली, दहा पावलं पुढे, दहा मागे,
मी सीटवर, क्रिसांतो दोरीशी.
"दोन," तो म्हणाला.
दोन मिलिमीटर. आता खाचेत जागा होती.
सरकवलं. आवळलं. परत मोजलं, कारण
त्याच्यादेखत न मोजून चालत नाही.

बारच्या टोकावर एवेलिओची पिवळी खूण होती,
त्यानं बसवला होता तिथली.
पुसली नाही. तिच्या शेजारी
बोटीच्या निळ्या रंगानं माझी मारली.
नाताळात तो येईल, सीटवर बसेल,
चाक आत वळून इंजिनाकडे बघायला लागेल.
विचारेल, काय केलंस?
तेव्हा बघू.

टायर अजून तोच आहे, आतून टकला.
नव्याला सहा आठवडे.