मऊ

फॉर्मवर शेवटचा रकाना: जमिनीचा प्रकार.
मी लिहिलं, बॉग.
गॉबनेटनं चष्मा न लावताच ते वाचलं
आणि किटली उतरवत विचारलं,
"बॉग काय?"

एवढं पुरतं, मी म्हणालो. डब्लिनच्या ऑफिसात सगळ्यांना कळतं.

"डब्लिनला घाई फार.
आमच्यात ते विशेषण आहे, पोरा. बॉग म्हणजे मऊ.
काय मऊ, ते लिहायचं राहिलंय तुझं."

ही भाषा मीही शिकलो होतो, शाळेत, तेरा वर्षं,
परीक्षेपुरती.
माना खाली घालून बसलो.

तिला जसं आठवत गेलं तसं ती बोलत गेली.
कवच न धरलेलं अंडं, हातात घेतलं की थरथरणारं, ते बॉगॉन.
आवाज न करता भिजवत राहतो तो दिवस, बॉग.
बाळाच्या अंघोळीचं कोमट पाणी.
पाळणा हलवणं त्याच धातूतलं,
आणि गंजलेली कडी सैल करणं,
आणि रुसलेला माणूस चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत
जरासा विरघळतो, तेही.

"मग साहेब आला मोजणीला. घोड्यासकट रुतला.
काठावरून कुणी ओरडलं असेल, मऊ! मऊ आहे तिथं!
त्यानं वहीत लिहून घेतलं: या जागेला म्हणतात मऊ."
ती हसली, दात नसलेल्या बाजूनं.
"विशेषण नेलं, त्याचं नाम केलं,
आणि आम्हालाच परत दिलं, वर खंड लावून."

खिडकीत एक बूट होता. लहान मुलाचा. डावा.
कोऱ्या चहाच्या रंगाचा झालेला, नाडीला दोन गाठी.
डोनखाचा, तिच्या भावाचा.
नऊ वर्षांचा असताना पीट उचलायला गेला
आणि एका पायानं अनवाणी घरी आला.
बुटासाठी मार खाल्ला.
पुढे कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात गेला, तिकडेच पुरला.
मागच्या मे महिन्यात शेजाऱ्याच्या फावड्याला
हा लागला. नाडी तशीच बांधलेली.

मी आलो होतो चर बुजवायला.
आता कापणी बंद, पाणी पुन्हा वर येऊ द्यायचं,
अशी योजना आहे, तिला क्रमांकही आहे.
वर्षाला एक मिलिमीटर वाढते ही जमीन.
मऊ लागलं म्हणून आपण कोपरानं खणत राहिलो,
कोपर दमलं तेव्हा यंत्र आणलं.
हे मी बोललो नाही. ती त्याच पीटवर
माझ्यासाठी पाणी उकळत होती.

"पाणी कधी सोडणार?"
सोमवारी.
"मग आजच जाऊ."
तिनं बूट ॲप्रनच्या खिशात घातला, शाल घेतली नाही.

बाहेर दिवस बॉग होता.
ती पुढे, गवताच्या पुंजक्यांवरून,
स्वयंपाकघरात चालावं तशी.
एकदा थांबून तिनं टाच आपटली
आणि वीस पावलांवरचं कापूसगवत हललं,
म्हणजे आम्ही उभे होतो ती जमीन
झोपेत कुशीवर वळली असावी.

जुन्या चरापाशी तिनं बूट काळ्या पाण्यात धरला.
तो आधी तरंगला. मग त्याला आठवलं.

मी फोटो काढायला एक पाऊल बाजूला टाकलं
आणि गुडघ्यापर्यंत गेलो.
तोंडातून ओरडून निघाला तोच शब्द,
कुठल्याही रकान्यात न बसणारा,
आयुष्यात पहिल्यांदा नीट उच्चारलेला.

"हां," ती म्हणाली. "आता आलं तुला."

तिनं हात दिला. एवढ्याशा म्हातारीत ते बळ कुठलं!
पाय निघाला.
सरकारी बूट, बेचाळीस नंबर, राहिला.
मी बाही वर करून वाकलो, तर म्हणाली,
"असू दे. देईल कुणीतरी आणून."

घरापर्यंत एका मोज्यावर चाललो.
थंडी पायाला नाही, पावलाच्या आत कुठंतरी वाजत होती.
फॉर्म टेबलावर होता तसाच.
बॉग, आणि पुढे
बरीच जागा.