शेरा

सकाळी आठाच्या ठोक्याला तळ्याच्या पाळीवर जायचं,
पर्जन्यमापकाचं झाकण काढायचं,
नळीत एक डोळा घालून पाहायचं
आणि रजिस्टरात लिहायचं : निरंक.
कार्तिकापासून वैशाखापर्यंत निरंक, निरंक, निरंक.
अर्धी नोकरी माझी या एका शब्दात गेली.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो सव्वीस वर्षं कोरा.

भागरथा गेली त्या पौषात
त्यात पहिल्यांदा लिहिलं :
'चूल पेटवली. धूर फार.'
दुसऱ्या दिवशी, 'भाजी खारट. तिला विचारावं तर'
आणि रकाना संपला.
सरकारी रकाना, दीड इंचाचा,
माणसाचं त्यात मावणार किती!

तपासणीला डेप्युटी साहेब आले,
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाचत राहिले.
'मारबते, हे काय?'
म्हटलं, साहेब, शेरा.
हसले नाही ते. रागावलेही नाही.
जीपमध्ये बसता बसता म्हणाले,
'वेगळी वही घ्या ना बाप्पा एखादी.'

शनिवारच्या बाजारात घेतली मग, दोनशे पानी,
मागच्या पुठ्ठ्यावर तीसपर्यंत पाढे.
लसूण, सुकलेले झिंगे आणि वही एकाच थैलीत.
पहिल्या पानांना अजून वास आहे.

रात्री खाटेवर बसलो की सुचत नसे काही.
हात आपला सवयीनं तारीख टाके, वार टाके,
आणि 'नि' लिहून थांबे.
कारण तसं नव्हतं ना.
खंड्या बसला होता गेजपट्टीच्या नऊवर, पाणी सातवर.
मोहाखाली तीन पोरी वेचत होत्या,
मधलीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला.
भागरथाची टोपली सांदवाडीत पालथी,
तिच्याखाली कुणाची तरी कोंबडी रोज अंडं घालते.
हे सव्वीस वर्षं कुठे होतं?
की होतंच, आणि मी नळीत पाहत होतो?

चैतराम, माझा लहाना भाऊ.
तेरवीच्या पंगतीत म्हणाला, वरण पातळ झालं.
एवढंच. तेव्हापासून तोंड नाही.
वहीत रोज एक ओळ त्याची :
'चैतराम दिसला. बोलला नाही.'
बाजारात, डोंग्याजवळ, राशनच्या लायनीत.
'चैतराम दिसला. बोलला नाही.'

एका रात्री मागची पानं चाळत होतो.
अक्षर माझंच, पण वाटत होतं
कुणी तिसरा चौकीदार आहे पाळीवर उभा,
त्याला ना याची बाजू, ना त्याची,
दोन भावांची पातळी मोजतो आहे नुसता.
अकरा ओळी होत्या. मोजल्या.
मग पेन घेतलं
आणि 'बोलला'तल्या शेवटच्या ला-वर
एक मात्रा दिली.
अकरा ठिकाणी, अकरा मात्रा.
'चैतराम दिसला. बोललो नाही.'
एवढ्यानं हात दुखतो का कधी? दुखला.

सकाळी त्याच्या अंगणात जाऊन खोकलो.
तो म्हणाला, 'बस ना.'
त्या दिवशीची नोंद :
'चैतरामकडे जेवलो. वरण पातळ होतं.
काही म्हटलं नाही.'

देवळात माझं चित्त नाही लागत,
घंटा वाजवून मी आपला बाहेर येतो.
पण वही उघडताना
चपला उंबऱ्याबाहेर काढतो, कधीपासून, कोण जाणे.
कुणी समोर बसतं असं नाही.
कुणी ऐकतं, असंही नाही सांगता येत.
दिवसभराचं पाणी गढूळ, ते खाली बसू द्यायचं,
बसेपर्यंत ढवळायचं नाही. एवढंच ते.

पुढच्या महिन्यात रिटायर.
पाळीवर आता यंत्र बसवलं आहे, पांढरं,
आपलं आपणच मोजतं, वरच्या वर पाठवतं.
मी त्याला सगळीकडून फिरून पाहिलं.
शेऱ्याचा रकाना नाही.

आज : निरंक.
कोंबडी चैतरामचीच निघाली.
अंडी सांगावी की नाही, उद्या पाहू.