शेणाची वही

दुधाला फॅट लागते, शेणाला लागत नाही.
पाटी काट्यावर ठेवायची, आकडा सांगायचा, मी लिहितो.
चौदा घरं, एकतीस म्हशी, एक टाकी.
पहाटे कॅन गंगावेशीकडं सुटले
की गल्ली माझ्याकडं वळते.

इंदुबाई चौगल्यांची पाटी नेहमी पहिली.
"ओलं हाय म्हणून वजन कापू नगंस," असा दम.
सोमवारपासून आली नाही.
म्हस विकली, पोरीच्या नर्सिंगच्या फीला.
नियम मीच फळ्यावर लिहिलेला:
शेण नाही, त्याचा कॉक बंद.

पाना घेऊन गेलो.
शेगडीशेजारी जुनी फुंकणी पुसत बसलेली.
"कर बंद. मला काय, सवय हाय."
निळा जाळ भाकरीखाली हलत होता.
एक बाजू अजून कच्ची.

भाकरी होईस्तोवर थांबलो.
मग अर्धी खाऊन,
पाना खिशात घालून आलो.

आज काट्यावर प्रत्येक पाटी
पाव-अर्धा किलो जड भरली.
कुणी काही बोललं नाही.
जादाचं मी चौगल्यांच्या रकान्यात मांडलं.

मार्चला ऑडिट आहे.
येऊ दे.